फिरत्या घराचे विजेचे खाते

बँकेतील नोकरीच्या छत्तीस वर्षांत माझा विजेशी संबंध आला तो शाखेच्या वीजबिलावर सही करण्यापुरता. तेव्हा बॅटरी या विषयावर मी लेखणी उचलावी याचे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना नवल वाटेल. परंतु गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, आम्ही एक रात्र अशी काढली की त्यानंतर हा विषय मी परीक्षेच्या अभ्यासासारखा वाचून काढला. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत. आईवडील चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात आणि त्या मुक्कामात एखादा प्रवास फिरत्या घरातून होतो. त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच उद्देश.

फिरते घर म्हणजे तिकडे ज्याला ‘आर. व्ही.’ म्हणतात ते. त्याचे दोन प्रकार. एक, बससारखे स्वतःच्या इंजिनावर चालणारे. दुसरे, ट्रकच्या किंवा मोठ्या मोटारीच्या मागे जोडून ओढायचे ट्रेलर. आत झोपण्याची सोय, न्हाणीघर, फ्रीज, गॅसची शेगडी आणि थंडीसाठी गॅसवर चालणारी भट्टी, म्हणजे ‘फर्नेस’. आपल्यासारख्या कुटुंबांना याचे मोठे आकर्षण म्हणजे स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असते. कोठल्या उपाहारगृहात काय घातले असेल, ही चौकशी करावी लागत नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपता येते. आमच्या मुलाने, तो ॲरिझोना राज्यात फिनिक्सला असतो, याच कारणासाठी एक जुना ट्रेलर विकत घेतला होता.

या घरात विजेचे दोन संसार एकत्र नांदतात, हे मला आधी ठाऊक नव्हते. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरची सॉकेटे यांना १२० व्होल्टची वीज लागते; ती कॅम्पग्राउंडच्या खांबाला जाड केबल जोडली की मिळते. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, फ्रीजचे नियंत्रण आणि गॅसगळती ओळखणारा सूचक ही मंडळी मात्र १२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर जगतात. फर्नेस गॅसवर चालते हे खरे, पण बॅटरी नसेल तर ती पेटतच नाही. या दोन संसारांमध्ये एक पेटी असते, तिचे नाव ‘कन्व्हर्टर’. ती खांबावरची १२० व्होल्टची वीज घेऊन १२ व्होल्टची करते, दिवे चालवते आणि त्याच वेळी बॅटरीही भरते. आपल्याकडे घरोघरी असलेला ‘इन्व्हर्टर’ याच्या अगदी उलटे काम करतो. तो बॅटरीतील वीज घेऊन घरच्या उपकरणांना २३० व्होल्ट पुरवतो. नावांच्या साधर्म्यामुळे मी पहिले दोन दिवस सारखा घोटाळा करीत होतो.

आता प्रवासाकडे येतो. फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हाने ट्रेलरची जुनी बॅटरी संपली होती. नातीच्या शाळेला ऑक्टोबरची सुटी लागली, तेव्हा निघण्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मुलाने नवी बॅटरी आणून स्वतःच बसवली. ८० अँपिअर-तासांची, साधी शिसे-आम्लाची. शनिवारी सकाळी आम्ही पाच जण निघालो: मुलगा, सूनबाई, सात वर्षांची नात, आमच्या सौभाग्यवती आणि मी. सौभाग्यवतींना दम्याचा जुना त्रास आहे, तो कोरड्या थंड हवेत उफाळतो. ‘ट्रेलरमध्ये फर्नेस आहे ना?’ हे त्यांनी निघण्यापूर्वी दोनदा विचारून घेतले होते.

पहिला मुक्काम फ्लॅगस्टाफजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर झाला. तेथे विजेचा खांब होता. केबल जोडली, मायक्रोवेव्ह चालला, आतले दिवे लागले. थंडीसाठी विजेचा एक लहान हीटर होता, त्यामुळे फर्नेस लावावीच लागली नाही. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेस पडली होती. भिंतीवरच्या पट्टीवर बॅटरीची स्थिती दाखवणारे चार लहान दिवे असतात. बटण दाबले तर त्यांतले तीनच लागले. मी मुलाला विचारले, ‘अरे, चौथा का लागत नाही?’ तो म्हणाला, ‘बाबा, नवी बॅटरी आहे. रात्रभर केबल जोडलेली आहे, सकाळपर्यंत भरेल.’ मला ते पटले. निरीक्षक म्हणून शाखांची तपासणी करण्यात माझी आठ वर्षे गेली आहेत, तरीही पटले.

रविवारी दुपारी ग्रँड कॅन्यनला पोचलो. राष्ट्रीय उद्यानातले मॅथर नावाचे कॅम्पग्राउंड पाइन आणि जुनिपरच्या झाडीत आहे. जागा रमणीय, पण तेथे विजेचे खांब नाहीत. जनरेटर लावायला ठरावीक तासांचीच मुभा, आणि रात्री तर मुळीच नाही. दक्षिण काठाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट. ऑक्टोबरात दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो.

रात्री नऊला फर्नेस लावून आम्ही निजलो. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती पंख्याच्या आवाजाने. पंखा फिरत होता, पण दमलेल्या माणसासारखा, आणि झोत गार होता. फर्नेसमध्ये एक लहान पट्टी असते. पंख्याचा वारा पुरेसा जोरात आहे याची खात्री झाल्याशिवाय ती गॅस पेटू देत नाही. बॅटरी क्षीण झाली की पंखा मंदावतो, आणि मंद पंख्यावर भट्टी पेटत नाही. ही सुरक्षेची योजना आहे, पण त्या वेळी मला ती ठाऊक नव्हती. थोड्या वेळाने गॅससूचकाने टिकटिक केली आणि तोही गप्प झाला. दिवा लावला तर तांबूस, अंधुक. सौभाग्यवती उठून बसल्या होत्या आणि त्यांच्या छातीतली घरघर मला अंधारात ऐकू येत होती.

मुलगा म्हणाला, ‘शेगडीचे दोन्ही बर्नर पेटवून ठेवतो, आत ऊब होईल.’ मी त्याला अडवले. खिडक्या बंद, गॅससूचक निकामी आणि पाच माणसे एवढ्याशा जागेत. जळत्या शेगडीने हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला तो उठवत नाही. शेगडी ही स्वयंपाकासाठी आहे, खोली तापवण्यासाठी नाही, हे ट्रेलरमध्ये शेगडीशेजारीच छापलेले होते. अखेर मोकळ्यावर उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन चालू करून आजी-नातीला त्याच्या केबिनमध्ये अर्धा तास बसवले. इनहेलरचे दोन झोत घेतल्यावर श्वास जरा बसला. उरलेली रात्र सगळ्यांनी एकाच पलंगावर, असतील-नसतील ते सगळे कपडे अंगावर चढवून काढली.

सकाळी शेजारच्या मोटारगृहातील वृद्ध गृहस्थ आले. पूर्वी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, ‘बॅटरी किती व्होल्ट दाखवते?’ आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. तीनशे डॉलरचे कॅम्पिंगचे सामान होते, पण वीस डॉलरचा मल्टिमीटर नव्हता. त्यांनी आपला आणला. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टोके टेकवली. ११.६.

या आकड्याचा अर्थ सांगायला हवा, कारण पुढचे सारे त्यावर आहे. शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कोष असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी, काही तास विश्रांती दिल्यावर, सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. निम्मी उरली की साधारण १२.१. आणि ११.८ च्या खाली गेली म्हणजे खाते रिकामे. बारा व्होल्टची बॅटरी १२ दाखवते म्हणजे ती ठीक आहे, असा माझा समज होता, प्रत्यक्षात १२.० ही निम्म्याहून कमी शिल्लक आहे. शिवाय या जातीच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा अधिक काढायचे नसते. आमची ८० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे व्यवहारात ४० चीच.

जनरेटरची मुभा सुरू होताच त्या गृहस्थांनी आपला जनरेटर लावला आणि आमच्या ट्रेलरची केबल त्याला जोडली. आत मायक्रोवेव्हचे घड्याळ लुकलुकू लागले. म्हणजे वीज येत होती. ते बाहेर बॅटरीपाशी मीटर लावून उभे होते. म्हणाले, ‘आता हा आकडा १३ च्या वर गेला पाहिजे.’ आम्ही पाच मिनिटे पाहत राहिलो. ११.६ चे ११.५ झाले.

वीज ट्रेलरपर्यंत पोचत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. बँकेच्या भाषेत, धनादेश भरला होता, पावतीही मिळाली होती, पण तो वटलाच नव्हता. आदल्या रात्री फ्लॅगस्टाफला दिवे लागले ते खांबाच्या विजेवर नव्हे, बॅटरीवर. आम्ही केबल जोडून निश्चिंत झोपलो आणि शिल्लक खर्च होत राहिली. कन्व्हर्टर काम करीत असता तर भिंतीवरचे चारही दिवे त्याच रात्री लागले असते. चौथा दिवा का लागला नाही, याचे उत्तर हे होते.

मग त्यांनी मुलाला विचारले, ‘ही बॅटरी कोणी बसवली? आणि काळी तार कोठे लावली होती?’ मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आधी ऋण टर्मिनलला. ठिणगी उडाली म्हणून लगेच बदलली. मग सगळे चालू झाले.’ हे त्याने गुरुवारी आम्हाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेच नव्हते.

येथे एक विचित्र संकेत समजून घ्यायला हवा. मोटारीत लाल तार धन आणि काळी तार ऋण असते. आपणही तेच शिकलो. परंतु अमेरिकेतील बहुतेक ट्रेलरांच्या १२ व्होल्टच्या जोडणीत काळी तार धन असते आणि पांढरी ऋण. आयुष्यभर मोटारीची बॅटरी हाताळलेला माणूस येथे हमखास चुकतो. ही चूक इतकी नित्याची आहे की कन्व्हर्टर बनवणाऱ्यांनी त्यासाठी आधीच खास फ्यूज बसवलेले असतात. तारा उलट जोडल्या की ते क्षणात वितळतात आणि आतले यंत्र वाचते. आमच्या ट्रेलरमध्ये हे फ्यूज कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या वाटेवर होते. त्यामुळे तारा सरळ केल्यावर दिवे बॅटरीवर नेहमीसारखे लागले, आणि भरण्याची वाट मात्र बंद झाली. काही ट्रेलरांमध्ये रचना वेगळी असते. तेथे फ्यूज जळल्यावर खांबाची वीज असेपर्यंत सगळे चालते आणि केबल काढताच काळोख होतो.

पलंगाखालचे झाकण काढले तर दोन फ्यूज शेजारी शेजारी, दोन्हींची पट्टी काळवंडलेली. प्रत्येकी ४० अँपिअरचे होते. शेजाऱ्यांच्या डबीत ३० चे दोन निघाले. ते म्हणाले, ‘कमी क्षमतेचा फ्यूज लावला तर फार तर जळेल. जास्तीचा कधीही लावायचा नाही, मग तारच जळते.’ ते दाबून बसवले. मीटर १२.९ वर गेला, थोड्या वेळाने १३.६, मग १४ च्या पुढे. सूनबाईंनी त्यांना चहा आणि खाकरे दिले. खाकरा त्यांनी आधी उजेडाकडे धरून पाहिला.

दुपारी सगळे दरीच्या काठाने फिरायला गेले, आणि मी बाकावर वही घेऊन बसलो. हिशेब जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आरंभीची शिल्लक: दुकानातून आणलेली नवी बॅटरी पूर्ण भरलेली नसते, म्हणून ७० अँपिअर-तास धरले. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ, ३६ तास. ट्रेलर नुसता उभा असला तरी गॅससूचक, रेडिओची स्मृती, फ्रीजचे नियंत्रण मिळून अर्धा अँपिअर घेतच असतात, नावे १८. शनिवार-रविवार चालत्या ट्रकमधून थोडे आले असेल, जमा १०. फ्लॅगस्टाफचा मुक्काम, दिवे, पंप आणि ही चिल्लर देणी, नावे २०. रविवारची संध्याकाळ, नावे ८. फर्नेसचा पंखा ८ अँपिअर घेतो. साडेपाच तासांपैकी निम्मा वेळ चालला असे धरले तर नावे २२. अखेरची शिल्लक १२. म्हणजे जेमतेम १५ टक्के. एवढ्यावर ८ अँपिअरचा पंखा चालवू गेले की व्होल्ट कोसळतात. अडीचला पंखा मंदावला त्यात अचानक असे काहीच नव्हते.

या हिशेबातील सर्वांत बोधक रक्कम मला ती पहिली, अर्ध्या अँपिअरची, वाटते. दिवसाला १२ अँपिअर-तास. ट्रेलर अंगणात न वापरता उभा ठेवला तरी आमची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत निम्म्यावर येईल आणि आठवडाभरात तळाला जाईल. लोक म्हणतात, ‘महिनाभर हातही लावला नाही, तरी बॅटरी मेली.’ हात लावला नाही म्हणूनच मेली. उपाय सोपा आहे: दाराजवळ बॅटरी तोडणारा एक खटका असतो, तो निघताना बंद करायचा. परंतु काही ट्रेलरांमध्ये गॅससूचक या खटक्याच्या आधीच जोडलेला असतो; दीर्घकाळ ठेवायचे तर ऋण तारच काढून ठेवावी.

रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर काय बिघडते? गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी शोधली, आणि तिचा मूळ स्वभाव अजून तोच आहे. वीज काढली जाते तेव्हा शिशाच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होते. भरताना तो थर पुन्हा विरघळतो. पण काही आठवडे तो तसाच राहिला तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते विरघळत नाहीत. तेवढी पट्टी कायमची बाद. थकीत कर्ज वेळेवर वसूल केले नाही की बुडीत होते, तसेच हे. आमची बॅटरी एका रात्रीत रिकामी झाली आणि दुसऱ्या सकाळी भरली गेली, म्हणून वाचली. महिनाभर तशी राहती तर नवीच घ्यावी लागली असती. थंड प्रदेशात आणखी एक धोका. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांच्या आसपासही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतले उणे १० च्या आगेमागे गोठते आणि पेटी तडकते.

त्या दिवशी संध्याकाळी फर्नेस किती अंशांवर लावायची यावर घरात चर्चा झाली. जनरेटरच्या दोन तासांत तीसेक अँपिअर-तास जमा झाले असतील असा शेजाऱ्यांचा अंदाज होता. मी सांगितले की रात्रीचा खर्च पंचवीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. थर्मोस्टॅट १३ अंशांवर ठेवला, आजी-नातीला जाड रजया दिल्या आणि सगळे दिवे आठला मालवले. आमचे जेवण तर सूर्यास्तापूर्वीच उरकलेले असते, त्यामुळे दिव्यांच्या खर्चात आम्ही इतरांपेक्षा नेहमीच पुढे. पहाटे पाचला मी उठून मीटर लावला, पंखा चालू असताना ११.९. रात्र निभावली. सौभाग्यवती स्वस्थ झोपल्या होत्या.

परत फिनिक्सला आल्यावर मुलाने आणि मी मिळून ट्रेलरची पूर्ण तपासणी केली. त्यातील काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली कसोटी नेहमी दोन मापांची. केबल काढून, काही तासांनी एक माप; केबल जोडून दुसरे. पहिले शिल्लक सांगते आणि दुसरे भरणा होतो की नाही ते. दुसरे माप १३.२ ते १४.४ च्या दरम्यान हवे. नव्या पद्धतीचे कन्व्हर्टर तीन टप्प्यांत भरतात: आरंभी १४.४ च्या आसपास जोरात, मग १३.६ ला सावकाश, आणि भरल्यावर १३.२ ला नुसती राखण. जुने कन्व्हर्टर एकाच १३.६ व्होल्टवर रात्रंदिवस चालतात. त्यांनी बॅटरी भरायला फार वेळ लागतो आणि भरल्यावरही ते पाणी उकळवत राहतात. दोन्ही मापे सारखीच आली तर आधी सर्किट ब्रेकर, मग ते उलट जोडणीचे फ्यूज, मग कन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्ट, या क्रमाने शोधावे. कन्व्हर्टर बिघडला असे म्हणून आधीच नवा मागवणारे लोक पुष्कळ आहेत. आमचेही दोन डॉलरांचे काम त्यामुळे दोनशेवर गेले असते.

दुसरे म्हणजे जोडण्या. बॅटरीच्या खुंटीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. सोडा कोषात मात्र जाऊ देऊ नये, झाकणे घट्ट बसवूनच धुवावे. ऋण तार ट्रेलरच्या सांगाड्याला जेथे बोल्टने बसवलेली असते तेथे गंज धरतो. पंखा चालू असताना मीटरचे एक टोक खुंटीवर आणि दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पवर टेकवले, तर शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. आमच्याकडे ०.४ आला. म्हणजे वीज त्या गंजातच खर्च होत होती.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा भाग आपल्या घरच्या इन्व्हर्टरलाही लागू आहे. भरताना पाण्याचे विघटन होते आणि ते हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन उडून जाते. आम्ल उडत नाही. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. आम्लाची कधीही नाही, नळाच्या पाण्याची नाही आणि पिण्याच्या आरओच्या पाण्याचीही नाही, कारण त्यात क्षार उरलेले असतात. पट्ट्या उघड्या पडलेल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी घालून आधी भरावे आणि भरल्यानंतर खुणेपर्यंत पातळी आणावी; आधीच काठोकाठ ओतले तर भरताना ते आम्लासह बाहेर येते. उष्णता ही पाण्याची आणि बॅटरीची दोघांचीही वैरीण. तापमान २५ अंशांवर दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. फिनिक्सची जुनी बॅटरी का गेली आणि सोलापूर-नांदेडकडच्या बॅटऱ्या कोकणापेक्षा लवकर का जातात, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

हाताळताना चष्मा लावावा, ठिणगी किंवा ज्योत जवळ नसावी आणि सोडताना ऋण तार आधी, जोडताना ती शेवटी. आपल्याकडे विशेष सांगायला हवे ते असे, की हातातली अंगठी, बांगडी, कडे आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. सोन्यातून वीज उत्तम वाहते. पान्याखाली अंगठी सापडून दोन टोकांमध्ये पूल झाला तर ती क्षणात तापून लाल होते आणि बोटासकट जळते.

ट्रकमधून चालता चालता येणाऱ्या विजेवर फार भिस्त ठेवू नये. ती सात खुंट्यांच्या जोडणीतून बारीक आणि लांब तारेने येते, वाटेतच व्होल्ट गळतात आणि तासाला काही अँपिअर हाती लागतात. छतावरचा सौर पट्टा अधिक भरवशाचा. १०० वॉटचा पट्टा चांगल्या उन्हात पाच-सहा अँपिअर देतो. पण पाइनच्या झाडीत एका फांदीची सावली पडली तरी उत्पन्न फार घटते. मुलाने आता असा एक पट्टा घेतला आहे, जमिनीवर मांडता येणारा.

लिथियमच्या बॅटऱ्या घ्याव्यात का, हेही मुलाने विचारले. वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ सगळी शिल्लक वापरता येते, पाणी घालावे लागत नाही. पण किंमत अधिक, शून्य अंशाखाली त्या भरता येत नाहीत आणि कन्व्हर्टरही त्यांना योग्य असा असावा लागतो. शिवाय त्यांचे व्होल्ट अखेरपर्यंत जवळपास एकसारखे राहतात, त्यामुळे मीटरवरून शिल्लक कळत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले हे मोजणारे वेगळे यंत्र बसवावे लागते. वर्षाकाठी तीन प्रवास करणाऱ्याने आहे त्याचीच निगा राखावी, असे मी त्याला सांगितले. तो अजून विचार करतो आहे.

डिसेंबरात सांगलीला परतलो. दुसऱ्याच दिवशी धाकट्या बंधूंच्या पेढीवर गेलो, तर वीज गेली आणि इन्व्हर्टर वीस मिनिटांत ओरडू लागला. पूर्वी तो तीन तास चालत असे. ‘बॅटरीच जुनी झाली, दादा,’ बंधू म्हणाले. शेवटचे पाणी कधी घातले, असे विचारल्यावर दुकानातील मुलगा म्हणाला, ‘घालतो की, महिन्याला. पिण्याच्या जारमधले.’ झाकणे उघडली. पाच कोषांत पातळी ठीक होती, सहाव्यात पट्ट्या कोरड्या दिसत होत्या. बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटर आणवला. पाच कोषांत आम्लाची घनता १.२४ च्या आसपास, सहाव्यात १.१०. एक कोष गेला की इतर पाचांचा उपयोग नसतो. नवी बॅटरी घ्यावी लागली. जुनीतील शिसे वितळवून पुन्हा वापरले जाते, म्हणून बॅटरीवाल्याने तिचे वजनावर पैसे दिले. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आता इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवला आहे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या एक तारखेपुढे बंधूंनी ‘पाणी’ असे लिहिले आहे.